घामाची टेस्ट : टेस्टला चार स्टार, पावडरीला एक पण नाही

रविवारी सकाळी सायकलवर त्र्यंबकला जाऊन घरी आलो की माझ्या काळ्या जर्सीवर पाठीला पांढरे नकाशे उमटलेले असतात, म्हणजे अक्षरशः मीठ, हाताला खरखरीत लागतं. आमच्या घरचं माणूस दर रविवारी एकच डायलॉग मारतं, हे खरवडून भाजीत टाकू का, तेवढंच मीठ वाचेल. ग्रुपमधल्या बाकीच्यांच्या जर्सीवर एवढं दिसत नाही, आणि वर माझ्या पोटरीला परत येताना अंजनेरी सोडलं की हमखास गोळा येतो, त्यामुळं ग्रुपमधल्या एकानं सांगितलं की आता नाशकातच घामातलं सोडियम मोजून देतात, कर एकदा. फी अडीच हजार. एवढ्या पैशात द्राक्षाच्या पानाच्या देठाची (वेलीला कुठलं खत कमी पडतंय ते त्यावरून कळतं) अन् पाण्याची टेस्ट होऊन वर मिसळ खाऊन होईल असं मनात आलं पण गेलो. मार्चच्या पहिल्या आठवड्यात एकदा गेलो आणि मेच्या शेवटी परत एकदा, आणि दोन्ही वेळचा अनुभव इथं लिहितोय. सेंटरचं नाव मुद्दाम लिहीत नाही कारण माझं भांडण मशीनशी नाही आणि तिथल्या पोरीशी तर अजिबात नाही, भांडण आहे ते टेस्ट झाल्यावर जे चालतं त्याच्याशी, आणि ते असल्या सगळ्याच ठिकाणी थोड्याफार फरकानं असंच असेल असा माझा अंदाज आहे.

आधी माझ्याबद्दल, म्हणजे आकडे वाचताना कळेल. वय ४९, वजन ७८, दिंडोरी तालुक्यात द्राक्षबाग, राहायला मखमलाबाद रोडला. चार वर्षांपासून बीपीची गोळी चालू आहे, सायकल डॉक्टरांच्या सांगण्यावरूनच सुरू केली. ही बीपीची गोष्ट लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

मला वाटलं होतं ट्रेडमिलवर पळवतील, घाम गाळतील, मग पुसून घेतील. तसं काही नाही. खुर्चीवर बसवलं, एसी चालू, आणि टेक्निशियन ताई म्हणाली काका तुम्ही फक्त बसा, घाम आम्ही काढतो. डाव्या हाताच्या आतल्या बाजूला, मनगट अन् कोपराच्या मध्ये, स्पिरिटनं पुसून दोन गोल चकत्या बांधल्या, त्यात जेलीसारखं काहीतरी होतं. त्या जेलीत पायलोकार्पिन नावाचं औषध असतं, दक्षिण अमेरिकेतल्या जॅबोरँडी नावाच्या झुडपाच्या पानातून निघालेलं. मग बारीकसा करंट सोडला, पाच मिनिटं, मुंग्या आल्यासारखं होतं, थोडं चुणचुणतं, बाकी काही नाही. करंटनं ते औषध कातडीत ढकललं जातं आणि घामाच्या ग्रंथींना वाटतं की मेंदूकडूनच ऑर्डर आली, सुटा. म्हणजे अंगाला गरम होत नसताना फक्त तेवढ्या रुपयाएवढ्या जागेवर घाम सुटतो, बाकी हात कोरडा ठाक. बघायला मजा वाटते. मग त्या जागेवर दुसरी चकती लावतात, तिच्यात सापाच्या वेटोळ्यासारखी बारीक नळी असते आणि आत निळा रंग, घाम जसा नळीत सरकतो तसा निळा धागा वाढत जातो. अर्धा तास बसायचं. औषध लावलेल्या जागी लाल गोल चट्टा उठला होता, संध्याकाळपर्यंत गेला. फुलबाह्यांचा शर्ट घालून जाऊ नका, माझी बाही वर जाईना, शेवटी शर्ट काढून बनियनवर बसलो.

तो अर्धा तास या सगळ्या प्रकारातला सगळ्यात पैसा वसूल भाग. कारण ताईला मी विचारलं की बाई एक सांग, घाम खारट का असतो आणि माझाच जास्त खारट का, आणि तिनं मोबाईलमध्ये डोकं न घालता नीट सांगितलं, कागदावर चित्र काढून. मी शेतकरी माणूस, मला ते लगेच ड्रिपच्या भाषेत कळलं, म्हणून तसंच सांगतो.

आपल्या अंगावर २० ते ४० लाख घामाच्या ग्रंथी आहेत. प्रत्येक ग्रंथी म्हणजे खाली कातडीत खोल एक गुंडाळी आणि तिथून वर पृष्ठभागापर्यंत येणारी एक नळी. खालची गुंडाळी म्हणजे आपली विहीर अन् मोटर. ती रक्ताच्या बाजूचं खारं पाणी उपसते, आधी क्लोराईड आत येतं, त्याच्यामागं सोडियम येतं, त्या दोघांच्यामागं पाणी. तिथं जो घाम तयार होतो तो जवळजवळ रक्ताएवढाच खारट, सोडियम साधारण १४० मिलिमोल लिटरला (मिलिमोल हे मोजायचं माप, त्याचा हिशोब पुढं येतो). तो तसाच्या तसा बाहेर आला तर उन्हात दोन तास काम केलं की माणूस मिठावाचून आडवा होईल. म्हणून खरी करामत वरच्या नळीत आहे. तुमची ड्रिपची लॅटरल, म्हणजे झाडापर्यंत जाणारी बारीक नळी, पाणी पुढं नेता नेता पाण्यातलं खत परत ओढून टाकीत पाठवायला लागली तर कसं होईल, तसं ही नळी करते. नळीच्या आतल्या भिंतीवर जे पेशींचे थर आहेत त्यांच्या तोंडावर सोडियमची बारीक बारीक दारं आहेत, त्यांना ईनॅक म्हणतात. घाम पुढं सरकत असताना सोडियम त्या दारातून पेशीत शिरतं, पेशीच्या मागच्या बाजूला पंप बसलेला असतो, तो तीन सोडियम बाहेर रक्ताकडं ढकलतो अन् बदल्यात दोन पोटॅशियम आत घेतो, त्यामुळं पेशीत सोडियम कायम कमी राहतं आणि पुढच्या दारातून आणखी आत यायला जागा होते. क्लोराईडसाठी वेगळं दार आहे, सीएफटीआर. आणि नळीची भिंत पाण्याला जवळपास बंद आहे, म्हणून मीठ परत गेलं तरी पाणी परत जाऊ शकत नाही, ते वरच येतं. मीठ घरी, पाणी दारी. असं करत करत १४० चं कुणाचं २० होतं, कुणाचं ४०, कुणाचं ७० च्या वर.

मग माझं जास्त का? ताई म्हणाली काका दोन गोष्टी, एक तर तुमच्या नळीत दारं किती आणि ती किती उघडी आहेत, दुसरं म्हणजे घाम किती वेगानं चाललाय. वेगाचं मला लगेच पटलं. गोदावरीला पाणी कमी असतं तेव्हा रामकुंडावर पोरं चुंबक टाकून नाणी काढतात, सगळं सापडतं, पण दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलं की कोण काय काढणार. तसंच, घाम सावकाश येत असला तर दारांना सोडियम वेचायला वेळ मिळतो आणि बाहेर येतो तो घाम कमी खारट, आणि चढावर धो धो सुटला की दारं तेवढीच राहतात, पाणी पळतं, मीठ वाहून जातं. म्हणजे एकाच माणसाचा घाम एकाच दिवशी सातपूरपर्यंत वेगळा आणि त्र्यंबकच्या चढाला वेगळा. हे वाक्य तिनं सहज सांगितलं, पण तिच्याच सेंटरच्या रिपोर्टला सुरुंग लावणारं आहे हे मला नंतर कळलं.

मी मध्येच एक शहाणपणा केला, म्हणलं म्हणजे दातवाला इंजेक्शन देऊन सोडियम चॅनल बंद करतो तेच ना हे, मी कुठंतरी वाचलं होतं. ती म्हणाली नाही काका, ते नसांमधले सोडियम चॅनल, ते विजेच्या इशाऱ्यावर क्षणभर उघडतात अन् मिटतात, एका सेकंदाच्या हजाराव्या भागाचा खेळ, दातवाल्याचं लिग्नोकेन त्यांना बंद करतं. हे घामातले वेगळ्या खानदानातले, यांना विजेचा इशारा लागत नाही, हे निवांत उघडे राहून थेंबथेंब सोडियम ओढत बसतात. यांना बंद करणारं औषध वेगळं, अमिलोराईड, बीपीतच वापरतात लघवीवाटे मीठ काढायला, कारण हीच दारं मूत्रपिंडात पण आहेत. आणि फुप्फुसात पण, मोठ्या आतड्यात पण. तीन तुकडे जोडून एक दार बनतं, १९९० च्या दशकात त्यांची जनुकं सापडली. पोरगी नक्की शिकलेली आहे, सेंटरवाल्यांनी तिचा पगार वाढवावा असं मी फीडबॅक फॉर्मवर लिहून आलोय.

ही करंटवाली पद्धत काही खेळाडूंसाठी शोधलेली नाही हे पण तिथंच कळलं. ती लहान मुलांच्या एका आजारासाठी आहे, सिस्टिक फायब्रोसिस, जन्मजात असतो आणि फुप्फुसात चिकट कफ साठत जातो. १९४८ साली न्यूयॉर्कमध्ये उन्हाची लाट आली होती तेव्हा या आजाराची लेकरं बाकीच्यांपेक्षा फार लवकर कोमेजून दवाखान्यात यायला लागली, त्यावरून डी सांताग्नेस नावाच्या डॉक्टरांच्या लक्षात आलं, आणि १९५३ साली त्यांनी दाखवलं की या मुलांचा घामच जास्त खारट असतो. १९५९ मध्ये गिब्सन आणि कुक यांनी ही पायलोकार्पिन अन् करंटची पद्धत बसवली आणि मोठ्या दवाखान्यांत ती अजून तशीच चालते, घामात क्लोराईड ६० किंवा वर आलं की आजाराची शंका पक्की होत जाते, ३० च्या खाली असलं की सहसा नाही. युरोपात तर जुनी म्हण होती म्हणे की ज्या लेकराच्या कपाळाचा मुका खारट लागतो ते फार दिवसांचं सोबती नसतं. अंगावर काटा आला ऐकून. आणि क्लोराईडचं दारच बिघडलेलं असतं हे घामाच्या नळीवर दाखवलं १९८३ साली पॉल क्विंटन यांनी, त्यांना स्वतःला तो आजार होता, म्हणजे स्वतःच्याच घामाचं कोडं सोडवलं माणसानं. त्यात पुढं असं पण दिसलं की क्लोराईडचं दार बंद असलं की घामाच्या नळीतलं सोडियमचं दार पण नीट काम करत नाही, दोघं जोडीनं चालतात. नवरा रुसला की बायको पण जेवत नाही तसं, हे माझं, ताईचं नाही.

आता रिपोर्ट. दहा मिनिटांत छापून मिळाला, ग्लॉसी कागद, माझं नाव, तीन रंगांची पट्टी आणि बाण लाल रंगात. सोडियम ६२ मिलिमोल, म्हणजे लिटरमागं १,४२६ मिलिग्रॅम. हिशोब सोपा आहे, एक मिलिमोल सोडियम म्हणजे २३ मिलिग्रॅम. मिठात सांगायचं तर लिटरभर घामात साडेतीन ग्रॅमच्या वर मीठ, आणि जागतिक आरोग्य संघटना सांगते की दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ खा. बघूनच घाबरायला होतं आणि ते घाबरवण्यासाठीच लाल केलेलं आहे. खाली ठळक अक्षरात तुमचा टाईप : हाय सॉल्ट, आणि त्याखाली हा टाईप जन्मजात असतो, बदलत नाही.

इथून पुढं ताई बाजूला अन् सेंटरचे सर आले. सरांनी केबिनमध्ये बोलावून सांगितलं की तुम्हाला क्रॅम्प, म्हणजे गोळे, येतात त्याचं कारण हेच, आणि आमची हाय सॉल्ट पावडर तुम्हाला कायमची लागेल. एका पाकिटात ५०० मिलिग्रॅम सोडियम, अर्धा लिटर पाण्यात एक, २० पाकिटांचा डबा ११०० रुपये, तीन महिन्यांचा कोर्स सहा डबे. सहा डबे म्हणजे ६,६०० रुपये. हे ऐकल्याबरोबर मला आमच्या गावाकडचे खतवाले आठवले. द्राक्षवाल्यांना माहितीये, माती परीक्षण फुकट, देठ परीक्षण फुकट, आणि रिपोर्टमागं औषधांची यादी तीस हजाराची. रिपोर्ट खोटा नसतो हो, आकडा खराच असतो, पण आकड्यापासून खताच्या ड्रमपर्यंतचा रस्ता दुकानदारानं आखलेला असतो. आणि देठाचं कसं असतं, एप्रिलच्या खरड छाटणीनंतर ४५ दिवसांनी काढला तर एक आकडा, फुलोऱ्यात काढला तर दुसरा, कितव्या पानाचा देठ घेतला त्यानं पण बदलतो, म्हणून कुठला देठ कधी काढायचा हे ठरवून दिलेलं आहे. एका देठावरून वेलीचा जन्मजात टाईप सांगणारा अजून मला भेटायचाय. मी सरांना विचारलं की हा आकडा बसल्याजागचा, एसीतला, हाताच्या रुपयाएवढ्या जागेचा, मग चढावर अख्ख्या अंगाचा हाच कसा. त्यांनी उत्तर दिलं की जगभर असंच करतात. खरं तर हाताचा घाम अख्ख्या अंगाच्या सरासरीपेक्षा सहसा जास्त खारट निघतो, त्यामुळं त्या आकड्याला अंगाच्या एकूण घामानं गुणलं की उत्तर फुगतं. पण मोकळ्या हातानं बाहेर पडायची लाज वाटते ना, एक डबा घेतलाच. माझी पण चूक.

आणि सगळ्यात मोठी तक्रार ही. फॉर्मवर आवडता खेळ विचारला, टी-शर्टचा साईज विचारला, महिन्याला किती किलोमीटर ते विचारलं, पण बीपी आहे का, किडनीचं काही आहे का, कुठली गोळी चालू आहे, एक शब्द नाही. तीन महिने जादा सोडियम घ्या म्हणून सांगणार आणि बीपी विचारणार नाही! मी आपणहून सांगितलं तर सर म्हणाले स्पोर्ट्स करणाऱ्यांना चालतं. याचाच एक स्टार कापलाय, खरं तर दोन कापायला हवे होते, ताईसाठी एक ठेवला.

दुसऱ्या दिवशी आमच्या फॅमिली डॉक्टरांकडं रिपोर्ट घेऊन गेलो. त्यांनी आधी पावडरीचं पाकीट वाचलं, मग माझी बीपीची गोळी, मग हसले. म्हणाले घामाच्या नळीतली ती दारं किती उघडायची हे ठरवणारा मुकादम म्हणजे अल्डोस्टेरॉन, मूत्रपिंडावरच्या ग्रंथीतून निघणारं हार्मोन. अंगात मीठ कमी पडायला लागलं, किंवा रोज उन्हात घाम जायला लागला की तो वाढतो आणि नळीला सांगतो जास्त दारं लाव, मीठ वाचव. मीठ भरपूर खाल्लं की तो निवांत बसतो अन् घामातून मीठ जाऊ देतो. आणि तुमची गोळी ज्या गटातली आहे ती याच साखळीत हात घालते. म्हणजे आकडा ६२ आला त्यात तुमचा जन्म किती, तुमचे पापड-लोणचं किती, गोळी किती अन् मार्चची थंड सकाळ किती, हे कोण सांगणार. गोळी स्वतःच्या मनानं बंद करू नका एवढं दोनदा बजावलं, ते मी पण इथं बजावतो. बाकी म्हणाले की पापड कमी करा आणि उन्हाळ्यात हळूहळू सवय लावून चालवा, मग बघू.

ते मला एक गोष्ट पण सांगत होते की जेरोम कॉन नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात माणसं उष्ण हवामानाला कशी सरावतात हे तपासताना घामातलं मीठ मोजलं होतं, सरावलेल्या माणसाच्या घामात सोडियम कमी होत जातं हे बघितलं, आणि तोच धागा धरून पुढं १९५५ मध्ये अल्डोस्टेरॉन फार वाढल्यानं होणारा बीपीचा आजार ओळखला, त्याला आजही कॉन सिंड्रोम म्हणतात. म्हणजे घाम मोजता मोजता बीपीपर्यंत पोचले. आणि आमचे सर घाम मोजून बीपी विचारत नाहीत.

तर मी प्रयोग केला. द्राक्षाची खुडणी उरकली, एप्रिलची छाटणी झाली, आणि एप्रिल-मे मध्ये नाशकात ऊन चाळिशीला टेकलेलं असताना सकाळी आठला निघायला सुरुवात केली, आधी अर्धा तास, मग पाऊण, मग दोन तास. उगाच मर्दानगी करायची नाही, शरीराला उन्हाची सवय व्हायला एक-दोन आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यात डोकं धरायचं, सातपूरलाच जीव नको व्हायचा, त्यात सिंहस्थाच्या कामांची धूळ वेगळीच. तिसऱ्या आठवड्यात फरक कळला, घाम लवकर सुटायला लागला, जास्त सुटायला लागला, आणि जर्सीवरचे नकाशे फिके झाले. घरच्या माणसानं पण नोंद घेतली, मीठ महागलं का म्हणून विचारलं. मेच्या शेवटी परत सेंटरला गेलो, दुसऱ्यांदा १,५०० रुपये घेतात. तीच ताई, तोच हात, तीच जागा. आकडा ४७. लिटरला १,०८१ मिलिग्रॅम. आणि रिपोर्टवर छापून आलं, तुमचा टाईप : मीडियम, हा टाईप जन्मजात असतो, बदलत नाही. दोन्ही कागद सरांच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. सर म्हणाले मशीन कॅलिब्रेट केलंय मध्ये.

आता दोन आकड्यांवरून मी काही शास्त्र सिद्ध केलं असं म्हणत नाही, टेस्टमध्ये पण दिवसागणिक थोडं मागंपुढं होत असेल, माझे पापड पण कमी झाले होते. माणसामाणसात जन्माचा फरक असतो हे पण मान्य, काहीजण सरावले तरी बाकीच्यांपेक्षा खारटच राहतात. पण जन्मजात टाईप म्हणून तीन महिन्यांच्या डब्यांची ऑर्डर देण्याएवढा तो आकडा पक्का नाही एवढं मला कळतं.

राहिला क्रॅम्पचा विषय. मिठामुळंच गोळे येतात हे पण एवढं सरळ नाही. थकलेल्या स्नायूला नसांकडून येणारे इशारे गडबडतात म्हणून येतात असं म्हणणारे बरेच आहेत. अमेरिकेत खेळाडूंना गोळा आला की काकडीच्या लोणच्याचं पाणी पाजतात, आणि ते प्यायल्यावर दीड-दोन मिनिटांत गोळा सुटतो, तेवढ्या वेळात मीठ रक्तात पोचतच नाही, म्हणजे घशातल्या आंबट-तिखट झटक्यानंच नसांना काहीतरी सांगावा जात असणार. मी सीटची उंची दुरुस्त करून घेतली आणि माझे गोळे निम्मे कमी झाले, सीट खाली होती. सायकलवाल्यानं दीडशे रुपये घेतले. आता बोला.

पावडर कशी आहे ते पण लिहितो, नाहीतर म्हणाल डबा घेऊन गप्प बसला. चव संत्र्याच्या गोळीला समुद्रात बुडवल्यासारखी. पाण्यात विरघळते लवकर, बाटलीला वास राहतो. एक लिटर करायला दोन पाकिटं, ११० रुपये, सोडियम १,००० मिलिग्रॅम. आणि मेडिकलमध्ये वीसेक रुपयांना मिळणारं जागतिक आरोग्य संघटनेच्या फॉर्म्युल्याचं साधं ओआरएस, लिटरला २०.५ ग्रॅमची पुडी, त्यात ७५ मिलिमोल म्हणजे १,७२५ मिलिग्रॅम सोडियम, आणि बरोबर तेवढंच ७५ मिलिमोल ग्लुकोज, कारण आतड्यातलं एक वेगळं दार सोडियम अन् ग्लुकोज जोडीनं आत घेतं, साखर चवीसाठी नाहीच ती. १९७१ मध्ये बांगलादेशच्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत दिलीप महालनबीस डॉक्टरांनी याच युक्तीनं कॉलऱ्याच्या हजारो लोकांना वाचवलं. ओआरएस हे जुलाबासाठीचं औषध आहे, रोज सायकलवर शौक म्हणून प्यायचं नाही, मी फक्त किंमत शेजारी ठेवतोय. आणि नावात ओआरएस लिहिलेली गोड सरबतं विकायला ऑक्टोबर २०२५ पासून अन्न सुरक्षा प्राधिकरणानं मनाई केली आहे, तरी पुडी घेताना मागची बाजू वाचाच.

मी आता काय करतो तर, घरचा वजनकाटा. निघताना वजन ७८.४, दीड तासानं आल्यावर घाम पुसून ७७.५, मध्ये ७५० मिलि पाणी प्यायलो, मध्ये कुठं थांबलो नाही. म्हणजे घाम गेला १.६५ लिटर, तासाला १.१. हा आकडा फुकटात मिळाला आणि हा जास्त कामाचा आहे, कारण यावरून बाटल्या किती न्यायच्या ते कळतं. दीड तासाच्या आत परत यायचं असलं तर साधं पाणी. लांब जायचं असलं, सप्तशृंगीला वगैरे, तर एका बाटलीत लिंबू-साखर-मीठ, आईच्या हातचं, चमचा तिच्या अंदाजाचा. आणि पोटाला तडस लागेपर्यंत नुसतं पाणी ढोसायचं नाही, जास्त पाण्यानं रक्तातलं सोडियम पातळ होऊन माणूस चक्रावतो, ते मीठ कमी पडण्यापेक्षा वाईट. परत आल्यावर मिसळ, रस्सा, पापड. म्हणजे पापड अर्धा.

डब्यातली नऊ पाकिटं अजून शिल्लक आहेत. पॅकहाऊसवर मजुरांना देऊन बघितली, एका बाईनं एक घोट घेऊन बाटली माझ्याच हातात परत दिली आणि म्हणाली दादा, ताक नाही का?

कुणाला टेस्ट करायचीच असेल तर सकाळी नऊच्या आत जा, नंतर गाडी लावायला जागा मिळत नाही. हाताला क्रीम, तेल काही लावून जाऊ नका. बीपीची, शुगरची गोळी चालू असेल तर फॉर्मवर जागा नसली तरी मोठ्या अक्षरात लिहा. तारीख, हवा आणि त्या आठवड्यात किती सायकल चालवली ते रिपोर्टच्या मागं स्वतः लिहून ठेवा, देठ परीक्षणाच्या कागदावर छाटणीची तारीख लिहितो तसं. आणि ताई सुट्टीवर असली तर दुसऱ्या दिवशी जा.